म्यूट बटणाचे पेटंट

पेटंटचा सौदा सरळ असतो: युक्ती जगाला उघड करून सांगा, वीस वर्षांची मक्तेदारी घ्या. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 10(4) नुसार शोध अमलात कसा आणायचा हे तर लिहावे लागतेच, शिवाय ठाऊक असलेली सर्वांत चांगली रीतही. तारायंत्रवाल्या मोर्सने विद्युत्‌चुंबकाने दूरवर अक्षरे उमटवणारे कुठलेही यंत्र आपलेच, असा दावा केला होता. सांगितले त्याहून जास्त मागितले म्हणून 1854 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, आणि 2023 मध्ये अ‍ॅम्जेन कंपनीची कोलेस्टेरॉलवरच्या औषधाची पेटंटे मोडीत काढताना त्याच निकालाचा दाखला दिला. दूरस्थ बैठकांच्या पेटंटांनाही हीच कसोटी. ‘सारे एकाच खोलीत बसल्यासारखे वाटेल’ हे ठीक, पण वाटेल कसे?

अमेरिकेला जे लिहिता येईना, ते आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला तोंडपाठ आहे. आशियातला पहिला म्हणवला जाणारा सहकारी साखर कारखाना प्रवरेकाठचा. तेव्हा कोरोनाकाळात ऑनलाइन वार्षिक सभेची मुभा मिळाल्यावर संशोधन इथेच व्हायचे. अर्जाचे शीर्षक: ‘सभासद हजर, आवाज गैरहजर’. कृती अशी. लिंक आदल्या रात्री पाठवावी. चेअरमनसाहेब सोडून सगळे म्यूट. अहवाल सावकाश वाचावा. कुणी चॅटमध्ये ‘उसाचा दुसरा हप्ता कधी?’ विचारले, की साहेबांचे नेटवर्क जावे. ऐनवेळच्या विषयांपर्यंत सभासदांच्या मोबाइलची बॅटरी टिकत नाही. संचालकांच्या घरी मात्र इन्व्हर्टर असतो. ‘मंजूर, मंजूर!’ सभा संपली.

वर्णन अपुरे आहे, असे कोण म्हणेल? कोपरगावपासून जामखेडपर्यंत कुठलाही मध्यम कुवतीचा चेअरमन ते वाचून पहिल्याच झटक्यात सभा उरकून दाखवील.

घोडे अडेल ते नावीन्यावर. मांडवातल्या सभेत प्रश्नकर्त्याच्या हातातला माइक काढून घेणे, कोरमअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा भरवणे, गलका वाढला की राष्ट्रगीत सुरू करणे, हे सारे इंटरनेटच्या आधीपासून चालत आले आहे. म्यूटचे बटण तेवढे नवे, आणि तेही आपण बनवलेले नाही. अर्ज नामंजूर.

तेव्हा सभासदहो, वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायची असते. प्रश्न आधीच लेखी द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.