नंबरवाले तात्या

कोकणात बंदूकवाले दोन प्रकारचे. एक बंदूक सांभाळतात, दुसरे तिचे कागद सांभाळतात. आमच्या वाडीतले तात्या दुसऱ्या पंथाचे. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बंदूक आहे. रात्री रानडुकरं भातात शिरली की ती आभाळाकडे तोंड करून एकदा वाजते. डुकरं मान वर करतात, तात्याच आहेत अशी खात्री करून घेतात आणि पुन्हा पंगतीला बसतात. बंदुकीचं काम तिथे संपतं. फायलीचं कधीच संपत नाही.

त्या फायलीत परवान्याची प्रत आहे, खरेदीची पावती आहे, प्रत्येक नूतनीकरणाचं चलन आहे. नळीवर कोरलेल्या नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिलीने घासून काढलेला ठसा आहे. फोटो तर विचारू नका: डावीकडून, उजवीकडून, नंबर वाचता येईल इतक्या जवळून, आणि शेजारी फूटपट्टी ठेवून. दस्त्यावरच्या ओरखड्याची वेगळी नोंद आहे : ‘लांबी दीड इंच. कारण : मांजर.’ काकू एकदा म्हणाल्या, “लग्नात माझे इतके फोटो काढूक नाय.” तात्या शांतपणे म्हणाले, “तुझ्यावर नंबर खंय आसा?”

बंदूक आणि कागद एकाच कपाटात ठेवले तर चोर दोन्ही नेतो, हा तात्यांचा पहिला सिद्धांत. त्यामुळे बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या, फाईल तिसऱ्या आणि फायलीची एक प्रत डोंबिवलीला लेकीकडे. जावयाने दिवाळसणाला अंगठीची आशा धरली होती. हातात पडला तो लाखेची मोहर लावलेला लिफाफा. “चोरान बंदूक न्हेली तरी नंबर माझ्याकडेच रवतलो,” असं तात्या सांगतात तेव्हा चोराची कीव यावी अशीच त्यांची मुद्रा असते.

लोक हसतात, पण कायदा तात्यांच्या बाजूने आहे. बंदुकीवरचा नंबर खोडणं हा 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हाच, कारण सापडलेली बंदूक कुणाची हे त्या नंबरावरूनच कळतं. चोरी झाली की ताबडतोब ठाण्यात कळवावं लागतं. तात्यांनी तो अर्ज आधीच लिहून ठेवलाय. फक्त तारखेची जागा कोरी आहे. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली, तेव्हा बाकीच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तात्यांना मात्र हक्काच्या नूतनीकरणाला मुकल्यासारखं झालं.

त्यांचा खरा सण म्हणजे निवडणूक. आचारसंहिता लागली की बंदुका ठाण्यात जमा करायच्या. इतर लोक बंदूक टेबलावर टाकून एसटी गाठतात. तात्या आधी ओरखडा दाखवतात, मग नंबर मोठ्याने वाचून घेतात, मग पावतीतला आकडा ताडून पाहतात. 2024 साली लोकसभा झाली आणि लगेच विधानसभा; तात्या वर्षभर प्रसन्न होते. कोण निवडून आलं ते त्यांना सांगता येणार नाही, पावती कुठल्या शाईत होती ते सांगतील.

मागच्या शिमग्यात खालच्या वाडीतल्या बाबल्याची बंदूक चोरीला गेली. हवालदारांनी विचारलं, “नंबर?”

“काळी होती.”

“अरे, नंबर विचारतोय.”

“आज्याची होती.”

“परवाना कुठंय?”

“बंदुकीच्याच पिशवीत होतो.”

ठाण्यातलं जुनं रजिस्टर शोधायला माणूस आत गेला तो आतच राहिला. तेवढ्यात बाकावर बसलेल्या तात्यांनी डायरी उघडली. मागे कधीतरी बंदुका जमा करायच्या रांगेत बाबल्या त्यांच्यापुढे उभा होता. त्याच्या हातातली पावती तात्यांना मागून दिसत होती, आणि दिसलेला नंबर उतरवून न घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. नंबर, बोअर, दस्त्याचा रंग, सगळं तिथे होतं.

हवालदारांनी अधीरपणे हात पुढे केला. तात्यांनी पान फाडलं, पण सोडलं नाही.

“आधी पोच द्या,” ते म्हणाले. “दोन प्रतींत.”