खडे कोण चिकटवतं?

दुपारचे तीन. सुरतच्या कतारगामातल्या एका सोसायटीचा जिना. पायऱ्यांवर चार बायका, मधे साड्यांचा गठ्ठा, वाटीत खडे, हाताशी गोंदाची नळी. उघड्या दारातून टीव्हीचा आवाज येतोय. कालचा भाग पुन्हा लागलाय. पडद्यावरची सून स्वयंपाकघरात उभी आहे. अंगावर जड साडी, गळ्यात तीन हार, हातात लाटणं.

‘आ साडीमां रोटली कोण वणे?’ एकीने विचारलं. या साडीत पोळ्या कोण लाटतं?

उत्तर कोणी दिलं नाही. चौघींच्या मांडीवर तसलीच साडी होती.

मालिकेतल्या पात्रांवर आणि त्यांच्या कपड्यांवर वाद घालणाऱ्या बायकांना रिकामटेकड्या म्हणायची आपल्याकडे रीत आहे. म्हणणारे कोण? क्रिकेटच्या संघात कोणाला घ्यायला हवं होतं, यावर रात्री एकपर्यंत भांडणारे.

हा वाद रिकामा नाही. ‘आई कुठे काय करते’मधल्या अरुंधतीने घर सोडावं का, पुन्हा लग्न करावं का, यावर घराघरांत खडाजंगी झाली. सासू एका बाजूला, सून दुसऱ्या, नात तिसऱ्याच. स्वतःच्या घरातल्या घटस्फोटाबद्दल ज्या कधी तोंड उघडत नव्हत्या, त्या अरुंधतीच्या आडून बोलल्या. एवढी मोकळीक कुठल्या लग्नात, कुठल्या बारशात मिळते?

मूळ गोष्ट बंगाली, ‘श्रीमयी’. मराठीत अरुंधती झाली, हिंदीत अहमदाबादच्या शहांची अनुपमा. भाषा बदलली, पदराची पद्धत बदलली, राबणारी बाई तीच राहिली.

वाद घसरतो तो कपड्यावर आल्यावर.

‘माझ्या नवऱ्याची बायको’ आठवा. राधिका साडीत, शनाया तोकड्या कपड्यांत. कोण चांगली, कोण वाईट, हे कळायला संवाद ऐकायची गरजच नव्हती. स्वयंपाकघरातून नुसती मान बाहेर काढली तरी निकाल हाती. त्याआधी ‘कसौटी जिंदगी की’मधल्या कोमोलिकाची टिकली हेच काम करायची. टिकली नागमोडी, म्हणजे बाई कारस्थानी.

शनाया दोषी होती ती दुसरीच्या संसारात शिरली म्हणून. तिच्या गुडघ्यांचा त्यात काय संबंध?

आणि गुरुनाथ? लग्नाची बायको घरात असताना बाहेर नातं जोडणारा तो. त्याचा शर्ट कसा होता, सांगा पाहू.

नाही ना आठवत?

पुरुषाच्या लबाडीला गणवेश नसतो. अरुंधतीचा अनिरुद्ध घ्या, अनुपमाचा वनराज घ्या. इस्त्रीचा शर्ट, साधी पँट, शेजारच्या कुठल्याही काकांसारखे. बाईचं पाप मात्र ब्लाउजच्या बाहीवर मोजायचं. बाही जितकी आखूड, तितकी बाई वाईट. आणि हे माप मालिकेतून उठतं ते थेट आपल्या दारात येतं. नवी सून जीन्समध्ये खाली उतरली की जिन्यातल्या नजरा सांगतात, तिला कोणत्या बाजूला टाकलंय.

पडद्यावरचा कपडा असा घरादारात शिरणं आजचं नाही. १९८७ साली ‘रामायण’ सुरू झालं. त्याचं चित्रीकरण उमरगामला, सुरतेहून मुंबईला निघालात की वाटेत लागणाऱ्या. सीता झालेल्या दीपिका चिखलिया १९९१मध्ये बडोद्याहून लोकसभेवर निवडून गेल्या. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’त तुलसी झालेल्या स्मृती इराणी २०११मध्ये गुजरातमधूनच राज्यसभेवर गेल्या. दोघींनी राजकारणात पुढे काय केलं तो वेगळा विषय. पण पडद्यावरचा पदर कुठवर पोचतो, हे पक्षांना प्रेक्षकांच्या आधी कळलं.

मग प्रेक्षकाच्या हातात काही आहे का? आहे. पुरेपूर आहे.

‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ३ जुलै २०००ला सुरू झाली. वर्षभराच्या आत लेखकांनी तुलसीच्या नवऱ्याला, मिहीर विराणीला, मारलं. प्रेक्षकांनी असा काही आरडाओरडा केला, की मेलेला मिहीर जिवंत करावा लागला. पुढे त्याचा नट बदलला, मग पुन्हा बदलला. तीन चेहऱ्यांचा नवरा लोकांनी खपवून घेतला. २००७मध्ये तुलसीचा चेहरा बदलून पाहिला, तेव्हा मात्र जुन्या तुलसीला परत आणावंच लागलं.

म्हणजे ताकद आहे. चितेवरून माणूस उठवण्याइतकी आहे.

ती वापरली कशासाठी? नवरा परत मिळवण्यासाठी. तुलसीला घराबाहेर एखादं काम द्या, तिच्या हातात स्वतःचे चार पैसे येऊ द्या, यासाठी एवढा गलका का नाही झाला?

राधिकेने मसाल्याचा धंदा काढला, तेव्हा आपण हसलो. तीनशे कोटींची कंपनी, तीही मसाल्याची! आकडा फुगवला होता, मान्य. पण आलिशान बंगल्यात राहणाऱ्या नायकाच्या धंद्याचा ताळेबंद कधी मागितला होता का कोणी?

आता पुन्हा जिन्यावर येऊ.

कतारगाम म्हणजे हिऱ्याचे कारखाने, भरतकामाची यंत्रं, औद्योगिक वसाहत. इथले बरेचसे लोक सौराष्ट्रातून आलेले. सुरतच्याच लिंबायत-उधन्याएवढी नसली तरी खानदेशातून आलेली मराठी घरंही आहेत. घरातला पुरुष घंटीवर, म्हणजे घासायच्या चाकावर, बसून खरा हिरा घासतो, बाई जिन्यात बसून काचेचा खडा चिकटवते. दोघांनाही मजुरी नगावर. दोघांचाही माल दुसऱ्याच्या अंगावर जातो. हिऱ्यात मंदी आली की घरखर्चाचा भार या वाटीतल्या खड्यांवर पडतो. गेल्या काही वर्षांत ही मंदी सुरतेने भरपूर पाहिली आहे.

मालिकेतली साडी गाजली की रिंग रोडच्या बाजारात तिच्यासारखी साडी यायला वेळ लागत नाही. जे गाजेल त्याच्या नावाने माल काढायचा, हा सुरतचा जुना शिरस्ता. मालिका झाली, सिनेमा झाला, निवडणूक झाली, साडी तयार. कापड विणायचं, छापायचं, यंत्रावर भरायचं, मग धागे कापायला आणि खडे लावायला गठ्ठे घरोघर पाठवायचे. तिथून साडी पुन्हा बाजारात, तिथून पार्सल जळगावला, नागपूरला, सोलापूरला. दुकानदार घडी उलगडून म्हणतो, ‘ताई, मालिकेतली आहे.’

साडीला नाव लागतं नायिकेचं. चिकटवणारीचं कुठेच नाही.

याच कतारगामची पापडी उंधियूत पडते. सुरती माणूस ती गावाच्या नावाने मागून घेतो. शेंगेला गावाचं नाव मिळालं, खड्याला नाही.

म्हणूनच या बायकांचं मत मला मुंबईतल्या कोणत्याही वेशभूषाकारापेक्षा मोलाचं वाटतं. त्यांना साडीचं वजन हातांनी ठाऊक असतं. कोणता खडा पहिल्या धुण्यात निघेल, कोणती किनार मानेला टोचेल, कोणत्या पदराला गॅसजवळ न्यायचं नाही, त्या बघताक्षणी सांगतात. हे सिंथेटिक कापड आहे, आणि ते आगीजवळ काय करतं हे सुरतेला कोणी शिकवायला नको. पडद्यावर मात्र सून तोच पदर खांद्यावर मोकळा सोडून कढईवर वाकते, आणि दिग्दर्शकाला त्यात फक्त शोभा दिसते.

त्या दिवशी जिन्यावर वाद झालाच. एक म्हणाली, सुनेने सासूला उलट उत्तर द्यायला नको होतं. दुसरी म्हणाली, द्यायलाच हवं होतं, दोन वर्षं उशीर केला. तिसरीने कपड्यांचं काढलं: ‘ही पंजाबी ड्रेस घालायला लागली ना, आता बिघडणार बघा.’ चौथी सगळ्यांत वयस्क. खडा दाबत म्हणाली, ‘बिघडणार नाही. आता हिला धावता येईल.’

एवढं एक वाक्य लिहिणारा लेखक वाहिनीकडे आहे का?

विराणींचं घर गुजराती, शहांचं घर गुजराती. पंचवीस वर्षं हिंदी मालिका गुजराती घरांवर पोसल्या. ‘क्योंकि’ तर जुलै २०२५मध्ये पुन्हा सुरू झाली, मिहीरच्या पहिल्या चेहऱ्यासकट. या सगळ्या घरांतून साड्यांचे डोंगर फिरले. नगावर मजुरी घेऊन साडीवर काम करणारी नायिका तुम्हाला आठवते?

वाद घाला. जोरात घाला, जेवण गार झालं तरी घाला. फक्त शनायाच्या कपड्यांवर बोलाल तेव्हा गुरुनाथच्या वागण्यावर दुप्पट बोला. सून नोकरीला का जात नाही ते विचारा. आणि जिन्यावरचा तो पहिला प्रश्न, या साडीत पोळ्या कोण लाटतं, तो थेट वाहिनीला विचारा. एकीने नाही, हजार जणींनी विचारा.

मिहीर परत आला होता.