सामरी

सकाळच्या बदलापूर फास्टमध्ये भजनी मंडळ असतं, रमी कुटणारं टोळकं असतं, झोपेचं सोंग घेऊन जागा अडवणारे असतात आणि हल्ली बऱ्याच डब्यांत एक भूतवाला असतो. मांत्रिक वगैरे नव्हे. शनिवार-रविवारी भुताचे सिनेमे बघायचे आणि सोमवारी त्यांची चिरफाड करायची, एवढाच त्याचा भुतांशी संबंध. आमच्या डब्यातल्या भूतवाल्याला आम्ही सामरी म्हणतो.

रामसे बंधूंच्या १९८४च्या ‘पुराना मंदिर’मधला राक्षस सामरी. ते काम करणारे अनिरुद्ध अग्रवाल उंचीला अफाट, आणि शिक्षणाने रुरकीचे इंजिनिअर. आमचा सामरी पाच फूट तीन इंच, मशीद बंदरच्या एका ऑफिसात बिलं तपासतो, मुक्काम बदलापूरचं कात्रप. तरीही पुलावरून कोणी ‘ए सामरीऽऽ’ अशी हाक मारली की तो मान अशी संथ वळवतो, जणू कबरीतून आत्ताच उठलाय. त्याला नाव आवडलेलं आहे. नाही म्हणतो, पण आवडलेलं आहे.

सिनेमा आवडला, असं हा माणूस सरळ कधी म्हणत नाही. ‘पकड नाही’, ‘नुसता आवाजाने दचकवतो’, ‘भूत फार लवकर दाखवलं’, ‘शेवटी माती खाल्ली’, अशी त्याची चार-पाच कलमं ठरलेली. त्यातलं एकही लागू पडलं नाही तर ठेवणीतलं काढतो : ‘ओरिजिनल बघितलास का?’ कोणी ‘छोरी’चं नाव काढलं की याचं बोट वर. ‘लपाछपी. २०१७. पूजा सावंत. डायरेक्टर तोच, विशाल फुरिया. उसाचं शेतही तेच समज.’ ‘शैतान’ म्हटलं की, ‘वश. गुजराती. जानकी बोडीवाला दोन्हीकडे तीच.’ हा ‘वश’ त्याने घाटकोपरला जाऊन बघितला. गुजराती कळत नव्हतं. शेजारच्या बेनने खाकरा देत देत अर्थ सांगितला, असं तोच सांगतो. सगळ्यात भयंकर प्रसंगाला त्याच्या तोंडात खाकरा असल्याने तो ओरडू शकला नाही, हे मात्र आम्हाला दुसऱ्याकडून कळलं.

त्याच्या पिढीचा घात १९९३ने केला. एकाच वर्षात थिएटरात ‘झपाटलेला’ आला आणि केबलवर रामसेंचा ‘झी हॉरर शो’. सामरी तेव्हा चौथीत, लालबागच्या चाळीत. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं झोपलेली. भुताला पाय ठेवायला जागा नाही. पण संडास गॅलरीच्या टोकाला आणि त्यावर एकच पिवळा बल्ब. शेजाऱ्यांकडे मालिका बघून झाली की त्या बल्बपर्यंतचा प्रवास. पुढे कितीही हॉलिवूड बघितलं तरी त्या गॅलरीची सर कशाला आली नाही, अशी त्याची तक्रार आहे. मला वाटतं, हा तेव्हापासून ती गॅलरीच शोधतोय. पोटभर घाबरायला मिळावं म्हणून सिनेमे बघतो आणि सोमवारी येऊन सांगतो की जमलं नाही.

त्या बल्बपायी त्याची मोजपट्टीही दिव्यांची. स्टार-बिर तो देत नाही. रात्री झोपताना घरातला कुठला लाईट चालू ठेवावा लागला, ते सांगतो. देवघरातला झिरोचा बल्ब रोजच असतो, म्हणजे सिनेमा फुकट गेला. पॅसेजची ट्यूब म्हणजे बरा. बाथरूमचा लाईट आणि दार अर्धं उघडं, म्हणजे उत्तम. ‘स्त्री २’ला झिरो. ‘मुंज्या’ला ट्यूब, पण पंधरा मिनिटंच; कारण मुंज्या कॉम्प्युटरवर केलेला आहे हे सारखं आठवत होतं. ‘द कॉन्ज्युरिंग’ला, २०१३ साली, आठवडाभर ट्यूब. त्या वेळी नुकतं लग्न झालं होतं, हेही तो त्यात धरतो.

गाडी अंबरनाथला आली की सभेचा कोरम भरतो. तिथला कॉलेजचा पोरगा खरं तर आधीच आत असतो. डाऊनने बदलापूरला येऊन खिडकी पकडतो आणि स्वतःच्याच स्टेशनवरच्या गर्दीकडे बसल्या जागेवरून बघतो. पुढे वालधुनी नदीचा वास आला की सगळ्यांचे रुमाल नाकाला, आणि उल्हासनगरला शेठ चढतो. शेठचं गजानन मार्केटात कापडाचं दुकान, मंगळदास मार्केटला माल बघायला जातो. त्याला चौथी सीट मिळते, म्हणजे एका मांडीपुरती.

वाद खरा रंगला तो ‘कॉन्ज्युरिंग’वरून. पोरगा म्हणाला, ‘काका, मला एक कळत नाही. घरात भूत आहे हे कळल्यावर ही माणसं घर सोडून जात का नाहीत?’

डब्यात शांतता पसरली. बदलापूर-अंबरनाथच्या माणसासमोर हा प्रश्न विचारायचा?

‘तुझ्या बापाला विचार,’ सामरी म्हणाला. ‘वीस वर्षांचा हप्ता असतो. त्या सिनेमातला बापही तेच सांगतो, सगळे पैसे या घरात अडकलेत, पाच पोरी घेऊन जाऊ कुठे? तिथे मला पटला हा सिनेमा. वर त्याला सांगतात, घर सोडून उपयोग नाही, ते तुमच्या मानगुटीवर बसलंय, जाल तिथे येईल.’

‘लोनसारखं,’ रमीवाल्यांतून कोणीतरी पत्ता टाकत म्हणालं.

मग सगळेच सुटले. आमच्या सोसायटीत भूत निघालं तर काय, यावर विठ्ठलवाडीपर्यंत खल झाला. भुताचं नाव शेअर सर्टिफिकेटवर नाही, तेव्हा मीटिंगला मत देता येणार नाही. बारा वर्षांहून जास्त राहिलं असेल तर मात्र कोर्टात भारी पडेल. बिल्डिंगला अजून ओसी नाही. मग भूत येऊन असं काय वेगळं करणार? पाणी? ते तसंही एक दिवसाआड. शेठ इतका वेळ ऐकत होता. तो म्हणाला, ‘हमारे दादाजी सैंतालीस में सिंध से आये. हवेली छोडी, दुकान छोडा. इधर मिलिटरी की बराक मिली, कॅम्प नंबर तीन. बोलते थे, भूत भी उधरही रह गये, उनको ट्रेन में जगह नहीं मिली.’

यावर सामरीही काही बोलला नाही. त्याच्या कलमांत हे बसत नव्हतं.

‘तुंबाड’ हा त्याचा हळवा कोपरा. २०१८च्या ऑक्टोबरात थिएटरात बघितला, असं तो छातीठोक सांगतो. मी भेटलेला प्रत्येक भूतवाला हेच सांगतो. या सगळ्यांनी तेव्हा तिकिटं काढली असती तर निर्मात्याला २०२४मध्ये तो पुन्हा लावायची वेळ आली नसती. आणि दुसऱ्या खेपेला त्याने पहिल्यापेक्षा जास्त गल्ला केला नसता. ते असो. राही बर्वेंचं नाव सामरी आदराने घेतो, आणि लगेच नारायण धारपांचं, कारण मूळ बीज धारपांच्या ‘आजी’ कथेतलं. धारप त्याने लालबागच्या वाचनालयातून आणून वाचले. पुस्तकाची शेवटची पानं फाटलेली असायची, त्यामुळे कित्येक कथांतली भुतं त्याच्यापुरती अजून मोकळी आहेत.

‘तुंबाड’ला त्याने लाईट दिला नाही. ‘अंधाराचा सिनेमाच नाही तो,’ म्हणाला. ‘कणकेचा आहे.’ त्यातला हस्तर पिठाचा हावरा, त्याला कणकेच्या बाहुलीची लालूच दाखवतात. ते बघून आल्यावर याने महिनाभर घरी पोळ्या खाल्ल्या नाहीत. बायको परातीत कणीक तिंबायला बसली की हा बाल्कनीत. डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला होता, त्याच महिन्यात वजन तीन किलो वाढलं.

पोरगा एकदा म्हणाला, ‘आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरातही ‘तुंबाड’सारखा गाभारा खालीच आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. सॉलिड लोकेशन आहे, काका.’

‘१०६० सालचं देऊळ आहे ते,’ सामरी कडाडला. ‘आणि महाशिवरात्रीची गर्दी बघितलीस का? हस्तर चेंगरून मरेल.’

वहिनींना मी एकदाच भेटलो, त्यांच्याकडच्या पूजेला. भुताच्या सिनेमाला त्या मेथी घेऊन बसतात. निवडून होते तोवर भूतही संपतं. त्यांचे आक्षेप वेगळे. रामसेंच्या हवेलीत एवढी जाळी कशी, कामाला बाई नाही का? बाई एकटी तळघरात उतरते, तर मेणबत्ती का, टॉर्च का नाही? ‘रात्रीस खेळ चाले’ मात्र त्यांनी नेटाने बघितलं. भुतासाठी नाही, शेवंताच्या साड्यांसाठी. ‘आणि हे?’ मी सामरीकडे बघत विचारलं. ‘हे उशीआडून बघतात,’ वहिनी म्हणाल्या, ‘आणि मग मला गोष्ट विचारतात.’

इतक्या सोमवारांनंतर मला एक गोष्ट कळली आहे. सामरी ज्या सिनेमावर ठाण्यापर्यंत बोलतो, तो फुसका. ज्याला तो ‘ठीक होता’ म्हणून पाण्याचा विषय काढतो, तिथे काहीतरी आहे. आता मी त्याची मतं ऐकतच नाही. तो कशावर गप्प बसला तेवढं लक्षात ठेवतो, आणि तो सिनेमा बघत नाही. मला दहा वाजता झोप लागते.

परवाचा सोमवार. पोरगा जोरात होता. ‘काका, तो मामूटीचा मल्याळी ‘भ्रमयुगम’ बघितलात? ब्लॅक अँड व्हाईट! २०२४मध्ये ब्लॅक अँड व्हाईट कोण काढतं? पडका वाडा, पाऊस, तीन माणसं आणि सोंगट्या खेळतायत. भूत कुठाय?’

सामरी म्हणाला, ‘ठीक होता.’

मी कान टवकारले. अंबरनाथ गेलं. ओरिजिनल नाही, पकड नाही, आवाज नाही, काहीच नाही. शेठ चढला, त्याने विचारलं, ‘क्या बोलता है सामरी?’ सामरी म्हणाला, ‘या वर्षी बारवी धरण भरलं का?’ विठ्ठलवाडी गेली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गर्दीत हात वर नेता येईना, म्हणून त्याने तो खांद्यात दाबला, आणि वहिनींचा आवाज रमीवाल्यांपर्यंत पोचला.

‘ऐकलंत का! रात्रभर हॉल, किचन, पॅसेज, बाथरूम, बाल्कनीसुद्धा! चाळीस हजार पगारात दिवाळी साजरी करताय. लाईटबिल काय तो मामूटी येऊन भरणार आहे?’