सदर इसम आणि एक इंच

वय वर्षे त्रेपन्न, राहणार पुणे, धंदा नोकरी. एवढ्यावर सदर इसमाची ओळख पंचनाम्यापुरती भागते. मोटरसायकल साडेतीनशे सीसीची, एकाच सिलिंडरची. वर्षातून दोनदा ती घेऊन तो कोकणात उतरतो आणि दर वर्षी पुढच्या जूनमध्ये लडाखला जायचे ठरवतो. (पन्नाशीपुढच्या पुणेकर पुरुषांत आता लडाखला जाऊन आलेले आणि पुढच्या जूनमध्ये जाणारे असे दोनच वर्ग उरले आहेत.) आजवर त्याची फोटोंची हौस मोबाइलवर भागत होती. हँडलला पकड, पकडीत मोबाइल, मोबाइलवर नकाशा. काही बरे दिसले की थांबायचे आणि तोच मोबाइल काढून फोटो घ्यायचा. मग एका जुलैत त्याने ताम्हिणी घाटात धबधब्यावर मोबाइल रोखला. पडद्यावर धबधबा त्यातल्या त्यात स्थिर होता. थरथरत होता तो डोंगर.

मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराने फोन हातात घेऊन पहिलाच प्रश्न विचारला, "काका, गाडीला लावता का?"

रोगाचे निदान असे की हल्लीच्या बऱ्याच मोबाइलमध्ये कॅमेऱ्याचे भिंग पक्के बसवलेले नसते. ते चुंबकांच्या जोरावर हलते ठेवलेले असते. हात थरथरला की आतला जायरोस्कोप ते ओळखतो आणि भिंग उलट्या दिशेला सरकवून चित्र सावरून धरतो. ही सोय माणसाच्या हाताच्या थरथरीसाठी. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला पन्नास होतात, आणि हा दणका तासन्‌तास हँडलमधून थेट त्या नाजूक भिंगाला बसतो. ॲपलने तर सप्टेंबर २०२१ मध्ये हे लेखीच कळवून टाकले: मोठ्या ताकदीच्या मोटरसायकलच्या इंजिनाची कंपने आयफोनच्या कॅमेऱ्याला बाधू शकतात, तेव्हा फोन तिथे बसवू नये. स्कूटर किंवा मोपेडवर कंपन त्या मानाने कमी असते, पण तिथेही कंपन शोषणारी पकड वापरावी. सदर इसमाचा फोन सफरचंदवाल्यांचा नव्हता, पण भौतिकशास्त्र कंपनी बघून लागू होत नाही.

ही सूचना त्याने घरात मोठ्याने वाचून दाखवली. सौभाग्यवतींनी नेमका मुद्दा उचलला. "स्कूटरला कमी त्रास म्हणतायत ना? मग माझी ॲक्टिव्हा न्या लडाखला."

असा कॅमेरा घ्यायचा निर्णय झाला.

मराठी मध्यमवर्गीय माणूस वस्तू घेण्याआधी तिच्यावर प्रबंध लिहितो. सदर इसमाने एक्सेलमध्ये तक्ता उघडला. अकरा रकाने: वजन, जाडी, झूम, बॅटरी, पाणी, धूळ, किंमत वगैरे, आणि शेवटचा रकाना 'सौ.चे मत'. तो पहिल्या दिवशी भरला गेला आणि पुढे कधी बदलला नाही. पहिल्या रकान्यात होता सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी बसलेली, प्रकाश टिपणारी चिप. ती जितकी मोठी तितका अंधारात फोटो बरा. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत मानाचे पान 'एक इंच' सेन्सरचे, असे सगळे जाणकार सांगत होते.

सदर इसमाने पट्टी काढली. मापे होती १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर. कर्ण काढला तर सोळा मिलिमीटरही भरेना. इंच तर २५.४ मिलिमीटरचा! आडवे, उभे, तिरके, कसेही मोजा, या एक इंचात कुठेच एक इंच नाही.

उलगडा नंतर झाला. जुन्या काळी टीव्हीच्या कॅमेऱ्यात व्हिडिकॉन नावाच्या काचेच्या नळ्या असत. एक इंच हा नळीचा बाहेरचा व्यास. प्रत्यक्ष चित्र पडायचे ते आतल्या सोळा मिलिमीटरच्या टापूत. नळ्या गेल्या, माप राहिले. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला यापुढे समजावून सांगावे लागत नाही. एक इंच हा बिल्टअप, सोळा मिलिमीटर हा कार्पेट. एकदा हे कळल्यावर सदर इसमाला सगळीकडे बिल्टअपच दिसायला लागले. लडाखमधल्या ज्या खारदुंग ला खिंडीसाठी तो दर जूनला निघायचे ठरवतो, तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट लिहिलेले होते आणि तिच्याशेजारी उभे राहून अर्ध्या भारताने फोटो काढले. मोजणीत खिंड भरते साधारण १७,५८२ फूट. आठशे फूट कॉमन पॅसेज आणि जिन्याचे.

तर या 'एक इंच' घराण्याचा मूळपुरुष म्हणजे सोनीचा आरएक्स१००, २०१२ चा. वजन बॅटरीसकट २४० ग्रॅम, म्हणजे पाव किलो शेंगदाण्यांहून कमी, आणि शर्टाच्या खिशात जाणारा. २०१९ मध्ये त्याची सातवी पिढी आली, तोवर वजन ३०२ ग्रॅम आणि झूम २०० मिलिमीटरपर्यंत. कॅननचा जी७एक्स त्याच वर्गातला. तक्त्यात हे दोघे पहिल्या बाकावर होते. वर्गात हुशार, शिस्तीत बसणारे. पण मोटरसायकलवाल्याच्या दृष्टीने दोघांत एक खोड: चालू केले की भिंग दुर्बिणीसारखे पुढे येते. पुढे येताना आतली जागा वाढते आणि वाढलेल्या जागेत बाहेरची हवा शिरते. साध्या शब्दांत, हा कॅमेरा श्वास घेतो. कोकणातल्या लाल मातीच्या रस्त्यावर एसटीच्या मागे उभे राहून श्वास घेतला तर काय होते, हे माणसालाही ठाऊक आहे.

अनुभव म्हणून सदर इसमाने मेहुण्याचा कॅमेरा चार दिवस मागून घेतला. कंपनीचे नाव इथे नको. मेहुण्याशी संबंध अजून पूर्ववत झालेले नाहीत. डिसेंबरात अलिबागपासून गुहागरपर्यंतची ती फेरी झाली. घरी येऊन फोटो मोठ्या पडद्यावर लावले तर मुरुडच्या आकाशात उजव्या कोपऱ्यात एक घार. छानच होती. श्रीवर्धनलाही घार. हरिहरेश्वरला, हर्णैला, गुहागरला, त्याच कोपऱ्यात, त्याच उंचीवर, तीच घार. मुलगा म्हणाला, "बाबा, ही तुमच्याबरोबर राहायला होती का?" तो सेन्सरवर बसलेला धुळीचा कण होता. भिंग काढता येत नसलेल्या कॅमेऱ्यात असा कण काढायचा तर कॅमेराच खोलावा लागतो. त्याचे बिल सदर इसमाने भरले. बिल्टअप नव्हे, पूर्ण.

मग तक्त्यात दुसरे घराणे आले: झूमच नसलेले. रिकोचा जीआर थ्री, २०१९ चा. वजन २५७ ग्रॅम, पण सेन्सर एक इंचवाल्यांच्या तिप्पट क्षेत्रफळाचा. त्यात 'स्नॅप फोकस' म्हणून सोय आहे. अंतर आधीच ठरवून ठेवायचे, बटण सरळ शेवटपर्यंत दाबले की कॅमेरा शोधाशोध न करता त्याच अंतरावर फोटो घेतो. घाईच्या माणसासाठी ही फार शहाणी सोय. झूम मात्र पायांनी करायचा, आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून पाय किती झूम होतात हे घाटात कळते. बॅटरीही मोजणीप्रमाणे सुमारे दोनशे फोटोंची. फुजीफिल्मचा एक्स१००सहा याच तक्त्यात अकरा दिवस होता. २०२४ च्या फेब्रुवारीत तो जाहीर झाल्यावर जगभर प्रतीक्षायादी लागली होती आणि किंमत लाखाच्या पुढे. सौ.नी शांतपणे विचारले, "गाडी केवढ्याची आहे?" बाराव्या दिवशी ती ओळ तक्त्यातून गेली.

वास्तविक लहान कॅमेऱ्याचा जन्मच ओझे न झेपणाऱ्या माणसाच्या पोटी झालेला आहे. लायकाचे जनक ऑस्कर बार्नाक यांना दम्याचा त्रास होता. डोंगरात जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटी वाहणे जमेना, म्हणून त्यांनी सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारे छोटे यंत्र केले. १९२५ मध्ये ते लाइपझिगच्या जत्रेत विक्रीला आले. सदर इसमाच्या वडिलांना असली चिंता नव्हती. त्यांच्या वेळी निवडीचा निकष एकच, कॅमेरा कुठल्या शेजाऱ्याकडे आहे. तो होता आग्फा क्लिक थ्री, बाराच फोटोंचा रोल. स्कूटरवरून गणपतीपुळ्याला जाऊन आले तेव्हा बारापैकी चार फोटो शेजाऱ्यांसाठी राखून ठेवले होते, भाडे म्हणून.

तक्ता भरत आला तेव्हा गाडीच्या मिस्त्रीने त्यातले एक भोक दाखवले. सदर इसम सर्व्हिसिंगला गेला असता कौतुकाने रकाने वाचून दाखवत होता. मिस्त्री पान्याने चेन ताणत म्हणाला, "ते ठीक आहे साहेब. ठेवणार कुठं?"

हा रकानाच नव्हता.

टाकीवरच्या बॅगेत ठेवावा तर दिवसभर इंजिनाचा ठोका. बारीक स्क्रू ढिले व्हायला वेळ लागत नाही. पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवावा तर पडल्यावर कणा आणि रस्ता यांच्यामध्ये पहिला तोच येणार. जाकिटाच्या छातीच्या खिशात? "बरगडी," मिस्त्रीने एका शब्दात तोही खिसा रद्द केला. शेवटी कमरेच्या पाऊचवर एकमत झाले, तेही पोटाच्या बाजूला; तिथे निसर्गाने सदर इसमाची गादी आधीच केलेली होती. टाकीवरच ठेवायचा झाला तर खाली स्पंज हवा, म्हणून घरातली योगाची चटई एका टोकाला सहा इंच कमी झाली. सौ. अजून समजतात ती धुऊन आटली.

पुढचा शोध त्याहून दुःखद. एका रविवारी सदर इसमाने मुळशीच्या रस्त्यावर घड्याळ लावून मोजले. देखावा दिसला: आरसा बघा, इंडिकेटर द्या, डांबर सोडून कडेला घ्या, साइड स्टँड चिखलात रुतत नाही ना ते पाहा, उजवा हातमोजा काढा, तो दातात धरा, पाऊचची चेन ओढा, कॅमेरा चालू करा. एक मिनिट चाळीस सेकंद. तेवढ्या वेळात तारेवरचा खंड्या उडून गेला. म्हशींचा कळप होता, तोही रस्ता ओलांडून गेला. एक म्हातारे गृहस्थ मात्र तिथेच होते, ते "काय झालं, पेट्रोल संपलं का?" असे विचारायला जवळ आले होते. म्हणजे जो कॅमेरा पाव सेकंदात फोकस करतो म्हणून तक्त्यात दोन गुण जास्त मिळवून बसला होता, त्याचा पाव सेकंद उरलेल्या नव्व्याण्णवांत कुठे पडला असता ते समजलेही नसते. त्या रात्री सदर इसमाने सहा रकाने पुसले आणि एक नवा घातला: 'हातमोजे घालून'.

या रकान्यात मागच्या बाकावरचा एक कॅमेरा एकदम पहिला आला. ऑलिंपसने चालवलेली, आता ओएम सिस्टिम नावाने येणारी टीजी मालिका. सेन्सर बारका, एक इंचवाल्यांच्या चौथाईएवढा. संध्याकाळ झाली की फोटोवर रवा सांडल्यासारखा दिसणार, हे कोणीही सांगेल. पण २०१९ च्या टीजी-सिक्सची पत्रिका अशी: पाण्यात पंधरा मीटरपर्यंत चालतो, २.१ मीटरवरून पडलेला सोसतो, उणे दहा अंशांत काम करतो, शंभर किलोचा दाब झेलतो. भिंग बाहेर येतच नाही. आत लोलक बसवून प्रकाशच काटकोनात वळवला आहे आणि झूमची सगळी हालचाल पोटातल्या पोटात. म्हणजे हा श्वास रोखून धरणारा कॅमेरा. शंभर किलोचा आकडा ऐकून मेहुणा त्यावर बसून बघायला तयार होता, पण त्याचा उत्साह शुद्ध शास्त्रीय नव्हता.

सदर इसमाने त्याच जातीचा एक जुना कॅमेरा घेतला. कोपऱ्यावरचा रंग उडालेला, त्यामुळे किंमत निम्मी आणि पडण्याची भीती शून्य.

भाद्रपदात, गौरी-गणपती उरकल्यावर, तो निघाला. ताम्हिणी, माणगाव, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत गाडी चढवून बाणकोटच्या खाडीपलीकडे वेसवी. पाऊस सरळ पडत नव्हता, आडवा येत होता. बोटीवरच्या गाड्यांतले लोक काचा वर करून बसले. सदर इसम एकटा, हेल्मेटसकट, हातमोजे घालून, कॅमेरा उघड्या पावसात धरून खाडी टिपत होता. बोटीवरचा पोरगा दोर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "काका, भिजतोय तो." "भिजू दे," काका म्हणाले. वर्षभराच्या अभ्यासाचे चीज त्या दोन शब्दांत झाले.

घरी आल्यावर दोनशे चौदा फोटो निघाले. त्यांतल्या एकशे सत्तरांत मधोमध एक गोल, धूसर, मोत्यासारखा डाग. कॅमेऱ्याच्या आत थेंबभर पाणी गेले नव्हते. पण भिंगापुढच्या काचेवरचा थेंब पुसावा लागतो, आणि पुसायला कोरडा रुमाल लागतो, हे कुठल्याच रकान्यात नव्हते. मेहुण्याने फोटो शांतपणे पाहिले आणि घारीची चौकशी केली.

खाऱ्या हवेत वापरलेला असा कॅमेरा घरी आल्यावर साध्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवावा, म्हणजे फटींतले मीठ निघून जाते. त्याप्रमाणे सदर इसमाने तो न्हाणीघरातल्या बादलीत सोडला आणि स्वतः झोपायला गेला. दुपारी आई हात धुवायला गेल्या. बादलीच्या तळाशी कॅमेरा पाहून त्यांनी कोणालाही न उठवता तो बाहेर काढला, पदराने पुसला आणि मोबाइल भिजल्यावर नातू करतो तसे केले.

गुरुवारी खिचडीसाठी तांदूळ काढताना तो डब्यात सापडला. बॅटरी अर्धी शिल्लक होती.