अष्टमीचा सूर्यास्त

बोईसरला समुद्र जवळ आहे, हे आम्हा बोईसरकरांना पाहुणे आल्यावर आठवतं. एरवी आमचं आयुष्य पहिली पाळी, दुसरी पाळी, डहाणू लोकल आणि स्टेशनबाहेरच्या रिक्षांची रांग यातच संपतं. त्यातून नावांचा गोंधळ. स्टेशन बोईसर, औद्योगिक वसाहत तारापूरची, अणुवीज केंद्र तारापूरचं; आणि खरं तारापूर मात्र या सगळ्यांपासून लांब, खाडीच्या काठी दुपारची वामकुक्षी घेत पडलेलं. खाडीपलीकडे चिंचणी. तिथे सुरूच्या बनापुढे वाळू आणि वाळूपुढे समुद्र. कधी कधी.

हे ‘कधी कधी’ मला मामांनी शिकवलं.

मामांचं वय सत्त्याहत्तर. पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी 2022 च्या ऑगस्टपासून तिकीट आकारत नाही. मामांनी आपला पंचाहत्तरावा वाढदिवस चिंचणीच्या गाडीत, खिडकीशी बसून साजरा केला. पुढे 2023 मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं आणि मीही त्यांच्या मोहिमेत सामील झाले. “तुला बाई म्हणून जन्मल्याबद्दल अर्धं माफ, मला अजून न मेल्याबद्दल सगळं,” असा मामांचा हिशेब. त्यांचा नियम एकच. समुद्रावर पैसे न्यायचे नाहीत. सदऱ्याच्या खिशात आधार कार्ड, रुमाल आणि कॅलेंडरचं चालू महिन्याचं फाडलेलं पान. घरच्या भिंतीवर त्यामुळे नेहमी पुढचा महिना लागलेला असतो, आणि मामी दुधाचे खाडे भलत्याच तारखांवर मांडत असते.

ते पान तिथीसाठी. भरतीची वेळ काढायची मच्छीमारांची रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. दशमीला साडेसात. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. सकाळची भरती काढली की रात्रीची साधारण साडेबारा तासांनी, आणि दोहोंच्या मध्ये ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण तेवढी सवलत आपण लोकललाही देतो.

आता यातली गंमत बघा. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे भर दुपारी समुद्र तुडुंब आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला पार तळाला. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. पाणी जेवढं वर चढतं तेवढंच आत जातं. आमचा किनारा सपाट. एकदा पाणी निघालं की निघालंच, मागे उरतो तो ओला, करडा, चिकट पसारा. आणि हौशी माणूस नेमका पौर्णिमा गाठून सूर्यास्ताला येतो. त्याला सूर्य दिसतो, पण तो चिखलात मावळताना.

“सूर्यास्त बघायचा तो अष्टमीला,” मामा म्हणतात. आठ पाऊणे सहा. सूर्य खाली येतो तेव्हा पाणी बरोबर काठाला लागलेलं असतं, आणि भांगाचे दिवस म्हणून त्याला अंगात आल्यासारखं उसळायचंही नसतं. महिन्यातून दोनदा हा योग येतो. पण अष्टमी बहुधा मंगळवारी नाहीतर गुरुवारी पडते आणि त्या दिवशी कोणालाच सुट्टी नसते. मामांना रोजच सुट्टी. निवृत्त माणसाची ही श्रीमंती मला फार उशिरा कळली.

ओहोटीचाही कंटाळा येऊ नये अशी सोय आहे. ओल्या वाळूवर बारीक खेकडे मोहरीएवढ्या गोळ्या वळून नक्षी मांडत असतात. पाऊल वाजलं की कारागीर बिळात. हिवाळ्यात कुरव येतात. सुरूचं बन तर मला समुद्राचा भाडेकरू वाटतं. पाणी दूर गेलं तरी आवाज त्याच्याकडे ठेवून जातं. डोळे मिटून खाली बसावं तर भरती ओहोटी कळतच नाही. कोणी आवाज चालू ठेवून दुकान बंद करावं, तसं.

मामांच्या फुकट प्रेक्षणीय स्थळांची यादी मोठी आहे. केळव्याचा पाणकोट, ओहोटीला चालत जाता येतं म्हणून. शिरगावच्या किल्ल्यातला रावणताड, कारण फांद्या फुटलेला ताड दुसरीकडे सहसा बघायला मिळत नाही. तारापूरचा किल्ला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत 1739 साली मराठ्यांनी घेतला. आत आता वाडी आहे, तेव्हा आम्ही तो बाहेरून घेतो. सातपाटीला होड्या लागल्या की पापलेट बघायचं. 2023 मध्ये ते महाराष्ट्राचा राज्यमासा झालं, तेव्हापासून मामा त्याला राज्यपालांचा मान देतात, म्हणजे दुरून. पालघरला उतरलो तर पाचबत्तीपाशी मात्र मामा न बोलता दोन मिनिटं थांबतात. 14 ऑगस्ट 1942 च्या गोळीबारात गेलेल्या पाच जणांचं ते स्मारक.

आणि आमच्या भागात समुद्राचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे अणुवीज केंद्र. 1969 पासून ते समुद्राचं पाणी आत घेतं, यंत्रं थंड करतं आणि कोमट झालेलं पाणी परत सोडतं. “मी तेच करतो,” पाय पाण्यात बुडवून मामा म्हणतात. “फक्त वीज निघत नाही.”

गेल्या कोजागिरीला डोंबिवलीहून नणंद आली. गाडी, दोन मुलं, एक सेल्फीची काठी. मी फोनवर आडून सांगून पाहिलं की अष्टमीला ये. ती म्हणाली, वहिनी, अष्टमीला कुणी समुद्र बघतं का? संध्याकाळी पावणेसहाला सगळे चिंचणीच्या वाळूवर उतरले. धाकट्याने विचारलं, “मामी, समुद्र कुठाय?” मी लांब चकाकणाऱ्या एका रेघेकडे बोट दाखवलं. त्याचा चेहरा, मॅगीच्या पुड्यात मसाला निघाला नाही की होतो, तसा झाला.

मग खर्च सुरू झाला. समुद्र नाही म्हणून घोडा. घोडा उतरला म्हणून गोळा. गोळ्याने घसा बसेल म्हणून गरम भजी, भज्यांवर चहा, मग मुलांना हवेत उडवायचं काहीतरी दिवे लावलेलं. मामा सुरूखाली बसून हे बघत होते. मला म्हणाले, “बाय, बघ. माणसाचे पैसे ओहोटीला जातात. पाणी असतं तर ती पोरं पाण्यात असती.” हे मला पटलं, आणि मीसुद्धा भजी खात होते.

सूर्य गेला. कपडे झाडत, गर्दी टाळायला म्हणून, गर्दी एकदम परत निघाली. नणंदही निघाली, मी मामांबरोबर मागे राहिले. मामांनी मला पाठमोरं वळायला सांगितलं. सुरूच्या मागे, जिकडे कोणी बघत नव्हतं त्या गावाच्या अंगाला चंद्र वर येत होता, तांबूस आणि अवाढव्य. आणि मागे वळून पाहिलं तेव्हा ती लांबची रेघ जवळ सरकली होती. पाणी येताना धावत येत नाही. खळग्यांतून, आडवाटेने, उशिरा आलेला माणूस कीर्तनात शिरतो तसं येतं. आठच्या सुमारास घोड्याच्या टापा पुसल्या गेल्या. नऊला आम्हाला दोनदा मागे सरकावं लागलं. अख्ख्या किनाऱ्यावर आम्ही दोघं, काही कुत्री आणि जाळं बघायला आलेला एक मांगेला. तो मामांकडे बघून नुसता हसला. रोजचा असावा.

उत्तरेला वरोरच्या पलीकडे वाढवण. तिथे 76 हजार कोटींचं बंदर होणार आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये पालघरला त्याची पायाभरणी झाली. मच्छीमार कित्येक वर्षं नको म्हणत आले. मामा त्या दिशेला बघत म्हणाले, “एवढे आकडे मला पाऊणपट करता येत नाहीत.” मग बराच वेळ आम्ही काही बोललो नाही.

बोललो नाही त्याचा परिणाम असा झाला की शेवटची एसटी गेली. स्टँडवर एकच रिक्षा, आणि कोजागिरीचा दर. मामा आधी आत बसले, खिडकीची बाजू धरली आणि म्हणाले, “तू दे बाय. मी समुद्रावर पैसे आणत नाही.”

मामा रोजची एक वही लिहितात. दुसऱ्या दिवशी मामीने ती मला हळूच दाखवली. पौर्णिमा. भरती सव्वाअकरा. चंद्र उत्तम. खर्च शून्य.

रिक्षाचे अडीचशे मी माझ्या वहीत लिहिले. येत्या अष्टमीला बुधवार आहे, मी रजेचा अर्ज टाकलाय.