फॉर्मेट मारून देऊ?

सुरतच्या बमरोलीत लॅपटॉप मंदावला की निदानाला गल्ली पुरते. शेजारी म्हणतो, व्हायरस. मेहुणा म्हणतो, रॅम कमी. कॉलेजातला भाचा म्हणतो, मामा, आता नवाच घ्या. आणि पांडेसऱ्याकडचा दुरुस्तीवाला झाकण उघडतो, पडद्याकडे ओझरतं पाहतो आणि निकाल देतो, ‘विंडोज नाखवी पडशे,’ म्हणजे विंडोज नव्यानं टाकावी लागेल.

तक्रार काय आहे हे विचारायची पद्धत नाही. तक्रार तशी साधी असते. नंदुरबारहून चुलतभावाच्या लग्नाचा व्हिडिओ आलेला असतो. लूमवरची बारा तासांची पाळी संपवून, आंघोळ करून, जेवणाच्या ताटासमोर माणूस तो लावतो. बँड वाजून संपतो, वऱ्हाड नाचून दमतं, पण पडद्यावरचा नवरदेव अजून घोड्यावर चढतोच आहे. ‘भाऊ, हाई अटकस!’ एवढीच तक्रार. त्याच लॅपटॉपवर बिलं निघतात, मराठीत टाइप होतं, मुलीचा पाचवीचा प्रोजेक्ट होतो. फक्त व्हिडिओ अडतो. आता जो व्हायरस बिलांना हात लावत नाही, प्रोजेक्टला त्रास देत नाही आणि नेमका वरातीवरच डूख धरतो, तो व्हायरस नसून भाऊबंदकीतला कुणीतरी असला पाहिजे.

पण फॉर्मेट मारायचं ठरलेलं असतं. मारला की लॅपटॉप दोन दिवस पळतोही, कारण आत काही उरलेलंच नसतं. फोटो गेले, बिलं गेली, प्रोजेक्ट गेला. तिसऱ्या दिवशी नवरदेव पुन्हा अर्ध्या रिकिबीत. कारण बघायचं तर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावं आणि डिस्प्लेच्या ओळीखाली काय लिहिलंय ते वाचावं. ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ असं लिहिलेलं असेल, तर समजावं की दुकानदारानं विंडोज टाकली पण ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायचा राहून गेला. म्हणजे व्हिडिओ उलगडण्यासाठी चिपमध्ये जो खास भाग बसवलेला असतो, तो आहे पण त्याला कुणी कामावर बोलावलेलंच नाही. विंडोज एरवी हा ड्रायव्हर इंटरनेटवरून स्वतः ओढून घेते. पण परवान्याशिवाय टाकलेल्या विंडोजचे अपडेट बहुधा बंद करून ठेवलेले असतात. नाहीतर चोरी उघडी पडायची. तर आजारासाठी जे औषध दिलं, त्यानंच आजार पक्का केला, आणि वर त्याचे पैसेही घेतले.

दुसरी गंमत लॅपटॉप घेतानाच होऊन गेलेली असते. बडोद्या-मुंबईच्या कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप पुसूनबिसून बाजारात येतात. ‘आय फाइव्ह आहे!’ असं विकणारा सांगतो आणि घेणारा मान डोलावतो. आय फाइव्ह 2011 मध्येही होता आणि 2020 मध्येही होता. मुलगी द्यायची तर धुळ्यापासून शहाद्यापर्यंत सोयरिकी खणून काढणारी माणसं इथं एक पिढी विचारत नाहीत. आणि ती लपवलेलीही नसते. स्टिकरवर नसली तरी सेटिंगमध्ये चिपचा पूर्ण क्रमांक लिहिलेला असतो. आय फाइव्ह 2520 असेल तर दुसरी पिढी, 6300 असेल तर सहावी, 8250 असेल तर आठवी. पहिला आकडा वाचता आला की अर्धा सौदा कळला. (दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे वाचायचे. एवढं गणित मेहुण्यालाही जमावं.)

पिढीला एवढं महत्त्व का, हे समजायला व्हिडिओ म्हणजे काय ते बघावं लागतं. व्हिडिओ कधी जसाच्या तसा येत नाही. तो घट्ट दाबून, घडी घालून पाठवला जातो आणि तुमच्या मशीनवर उलगडला जातो. घडी घालण्याची एक रीत म्हणजे एच.264, ती 2003 ची. दुसऱ्या पिढीचा लॅपटॉपही ती चिपच्या खास भागात झोपेत उलगडतो. पुढे 2013 मध्ये दोन नव्या रीती आल्या, एचईव्हीसी आणि गूगलची व्हीपी9. मग 2018 मध्ये एव्ही1. प्रत्येक नवी रीत घडी अधिक बारीक घालते. एचईव्हीसी तर त्याच दर्जाचं चित्र साधारण निम्म्या जागेत बसवते. घडी जितकी बारीक, तितकी उलगडायला मेहनत जास्त. इंटेलच्या चिपला एचईव्हीसी नीट जमू लागली ती सहाव्या पिढीत, 2015 मध्ये. व्हीपी9 अंगवळणी पडली सातवीत. एव्ही1 साठी अकरावी पिढी उजाडावी लागली, 2020 साल. त्याआधीच्या लॅपटॉपसमोर नवी घडी आली की खास भाग हात वर करतो आणि सगळं काम मुख्य प्रोसेसरच्या अंगावर पडतं. तो बिचारा शंभर टक्के राबतो, पंखा किंचाळतो, नवरदेव लटकतो.

इथं माझं म्हणणं मांडतो. लॅपटॉप आळशी झालेला नाही. तो आज पाच वर्षांपूर्वीपेक्षा जास्त राबतोय. त्याच्या अंगावर दुसऱ्याचं काम ढकललं गेलंय, आणि ते बमरोलीकराला समजावून सांगायची गरज नसावी, कारण हे सरळसरळ जॉबवर्क आहे. शेठ सूत देतो, दर ठरवतो, माल घेऊन जातो. लूम तुमची, वीज तुमची, जागा तुमची, घाम तुमचा. व्हिडिओचंही तेच. एव्ही1 काढणारी जी आघाडी 2015 मध्ये उभी राहिली, तिच्यात गूगल, अ‍ॅमेझॉन, नेटफ्लिक्स, मायक्रोसॉफ्ट अशी मातब्बर मंडळी होती. घडी बारीक झाली की त्यांचा डेटा पाठवण्याचा खर्च घटतो. बचत तिकडं होते. उलगडायची मजुरी इकडं, खोलीतल्या लॅपटॉपच्या प्रोसेसरवर आणि तुमच्या विजेच्या मीटरवर. फरक इतकाच की जॉबवर्कवाल्याला कापडाच्या मीटरमागे थोडे पैसे तरी मिळतात.

न्यायानं बोलायचं तर त्यात तुमचाही एक फायदा आहे, मोबाइलचा डेटा वाचतो. पण घरी वाय-फाय असलेल्या माणसाला तो वाचवून काय लोणचं घालायचंय?

उलगडायची मजुरी लॅपटॉपवर पडते हे खरं की खोटं, ते तुम्ही स्वतः तपासू शकता, दुकानदाराला न विचारता. यूट्यूबवर चालू व्हिडिओवर उजवं बटण दाबा आणि यादीत शेवटी ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ असं लिहिलेलं असतं त्यावर जा. काळी पाटी उघडते. तिच्यात कोडेकच्या ओळीत एव्हीसी1, व्हीपी09 किंवा एव्ही01 असं काहीतरी दिसेल. ही घडीची रीत. तिथंच गळालेल्या फ्रेमचा आकडा दिसतो आणि पुढचा किती सेकंदांचा व्हिडिओ साठून ठेवलाय तेही. साठा भरपूर आहे आणि तरी फ्रेम गळतायत, तर दोष लॅपटॉपच्या ताकदीचा. साठाच शून्यावर आलाय, मधोमध गोल चाक फिरतंय, तर दोष इंटरनेटचा, आणि त्यासाठी लॅपटॉप घेऊन पांडेसऱ्याला जाणं म्हणजे रिक्षाचं भाडं वाया. जुन्या मशीनवर एव्हीसी1 सोडून दुसरं काही दिसत असेल तर ब्राउझरला ‘एच264ify’ नावाचं एक छोटं फुकट एक्स्टेंशन जोडता येतं. ते यूट्यूबला सांगतं, की बाबा रे, आम्हाला जुनी घडीच दे. यूट्यूब देतो. अट एक, जुन्या घडीत तो 1080 च्या वर जात नाही.

पण वर जायचंय कुणाला? जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर 1366 गुणिले 768 ठिपके असतात, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास. पुण्याचा जावई मात्र फोर के पाठवतो, प्रत्येक चित्रात सुमारे 83 लाख ठिपके. लॅपटॉपनं ते सगळे उलगडायचे, मग आठातले सात फेकून द्यायचे आणि एक दाखवायचा. यूट्यूबवर गिअरच्या खुणेवर जाऊन 720 निवडलं तर डोळ्याला फरक कळत नाही आणि मशीनचा जीव भांड्यात पडतो. पण कळतं का? ‘आपल्याकडं फोर के चालत नाही’ हे कबूल करण्यापेक्षा फॉर्मेट मारणं लोकांना जास्त प्रतिष्ठेचं वाटतं. आणि जावयाला ‘कमी दर्जाचा पाठवा’ म्हणायची आपल्याकडं छाती कुणाची?

बमरोलीचा एक खास रोग मात्र आहे, आणि तो कुठल्याही परदेशी पुस्तकात सापडायचा नाही. लूमच्या शेडलगतच्या खोलीत हवेत पॉलिस्टरचे बारीक तंतू असतात. ते पंख्याच्या जाळीत शिरतात आणि हळूहळू आत नमद्यासारखा थर बसवतात. त्यात मे महिन्याची सुरत, पत्र्याचं छप्पर, आणि लॅपटॉप ठेवलेला गादीवर, म्हणजे खालची भोकंही बंद. चिप शंभर अंशांच्या घरात पोचली की ती जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच उतरवते. म्हणूनच पहिली पाच मिनिटं व्हिडिओ छान चालतो आणि मग अडखळायला लागतो. ‘सकाळी चालतो, दुपारी चालत नाही’ अशी तक्रार असेल तर विंडोजला हात लावू नका, स्क्रू काढा. ब्रशनं जाळी साफ करायची, चिपवरचा वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची. तासाभराचं काम. पण यात ‘सॉफ्टवेअर’ नसल्यानं दुकानात याला फारसा मान नाही.

आणखी एक जागा आहे जिथं पाहायला कुणी जात नाही. चार्जर. अस्सल चार्जर गेला की तीनशे-चारशेचा आणतात. काही लॅपटॉप असे खवचट असतात, की चार्जर ओळखीचा नसला की प्रोसेसरचा वेग पाडून बसतात. माणूस रॅम बदलतो, विंडोज बदलतो, ब्राउझर बदलतो, वास्तुशास्त्राप्रमाणे टेबलाची दिशाही बदलतो. वायर तीच राहते.

रॅमवाल्या मेहुण्यावर अन्याय नको. टास्क मॅनेजर उघडलं आणि मेमरी काठोकाठ दिसली, तर तो बरोबर आहे. चार जीबीत आजचा ब्राउझर आणि दोन-दोन अँटिव्हायरस मांडीला मांडी लावून बसू शकत नाहीत. डिस्क शंभर टक्के दिसली तर जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी घालावी, मशीन सुरू व्हायला लागणारी मिनिटं सेकंदांवर येतात. मात्र एक ध्यानात ठेवा. एसएसडीनं लॅपटॉप चटकन सुरू होतो, पण एव्ही1 ची घडी त्यानं सुटत नाही. दुकानदार दोन्ही एकत्र विकतो.

आणि आता भाच्याचा ‘नवाच घ्या मामा’. त्याला मायक्रोसॉफ्टनंही दुजोरा दिलाय. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढं दार उघडते. म्हणजे सातव्या पिढीचा लॅपटॉप, जो व्हीपी9 चा व्हिडिओ लीलया चालवतो, तो मोजके अपवाद सोडता कागदोपत्री निकालात. बमरोलीत ही गोष्ट जरा विचित्र वाटते. याच बमरोलीत महापालिकेचा दररोज 40 दशलक्ष लिटरचा प्रकल्प 2014 पासून गटाराचं पाणी गाळून, पुन्हा गाळून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना विकतो. शहराचं सांडपाणी इथं दुसऱ्यांदा कामाला लागतं आणि धडधाकट लॅपटॉप भंगारात जातो. त्यावर लिनक्स टाकता येतं, फुकट आणि कायदेशीर. पण ‘फुकट’ आणि ‘कायदेशीर’ हे दोन शब्द एकत्र ऐकले की दुकानदार गिऱ्हाइकाकडं संशयानं बघतो.

समजा नवा घेतलाच. तरी सुटका झाली असं समजू नका. 2025 मध्ये बाहेर आलं, की एचपी आणि डेलच्या काही नव्या मॉडेलांत एचईव्हीसी उलगडण्याची चिपमधली सोय मुद्दाम बंद ठेवलेली आहे. चिपला येतं, कंपनी करू देत नाही. एचईव्हीसीवर पेटंटची रॉयल्टी भरावी लागते, हे फक्त माहितीसाठी सांगितलं. अर्थ ज्याचा त्यानं लावावा. आणि हल्लीचे फोन व्हिडिओ कुठल्या रीतीत काढतात? आयफोन 2017 पासून एचईव्हीसीत काढतो. म्हणजे लाखभर रुपयांच्या फोनवर काढलेली वरात साठ हजारांच्या कोऱ्या लॅपटॉपवर अडायची शक्यता शिल्लक आहे.

उरला तो एव्ही1, रॉयल्टीमुक्त, सगळ्यांचा लाडका. अकराव्या पिढीचा सेकंडहँड लॅपटॉप घ्या, तो एव्ही1 चिपवरच उलगडतो, पंखा हूं की चूं करत नाही. सौदा पक्का करण्याआधी एवढं फक्त ऐकून ठेवा, की त्याच आघाडीनं एव्ही2 चं काम हाती घेतलेलं आहे. घडी आणखी बारीक होणार म्हणतात.