तारीखवार माणूस

लोकसंगीत, ब्लूज, जाझ आणि रॉक यांच्या सरमिसळीतून १९६०च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियात जे वाद्यवृंद उभे राहिले आणि ज्यांच्या परंपरेला पुढे ‘जॅम बँड’ हे नाव मिळाले, त्यांच्या अभ्यासात वादकांइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच, महत्त्व श्रोत्यांमधील एका विशिष्ट जातीच्या माणसाला द्यावे लागते. या गृहस्थाची ओळख करून देण्याचे फारसे कारण नाही. न्यू जर्सीत किंवा सॅन होजेत चार वर्षे नोकरी केलेल्या बहुतेक मराठी माणसांनी तो पाहिलेला आहे. त्याची दाढी पिकलेली असते, हुद्दा बऱ्यापैकी असतो, गाडीच्या मागच्या काचेवर डोक्यात वीज शिरलेल्या कवटीचे चित्र असते आणि उन्हाळ्यातील त्याच्या रजेच्या अर्जांवर ‘कौटुंबिक कारण’ असे लिहिलेले असते, जे त्याच्या समजुतीप्रमाणे अक्षरशः खरे असते. त्याच्या कुटुंबाची समजूत वेगळी असू शकते, पण अर्जावर सही त्याची असते.

जॅम या प्रकाराचे स्वरूप ध्यानात घेतल्याखेरीज या गृहस्थाचा न्याय करणे योग्य होणार नाही. गाण्याचा सांगाडा ठरलेला असतो, परंतु मधल्या भागात वादक एकमेकांचे ऐकत, त्या त्या क्षणी सुचेल तसे सूर आणि लय बदलत दूरवर जातात, आणि तेथून मूळ गाण्याकडे परतायचे की वाटेत भेटलेल्या दुसऱ्याच गाण्यात शिरायचे, हे रंगमंचावरच ठरते. १९६५मध्ये स्थापन झालेल्या ग्रेटफुल डेड या आद्य वाद्यवृंदाने ‘डार्क स्टार’ हे गाणे १९६८ साली तबकडीवर काढले तेव्हा ते तीन मिनिटांचेही नव्हते. पुढच्याच वर्षीच्या ‘लाइव्ह/डेड’ या मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात ते तेवीस मिनिटांचे झाले, आणि १९७२च्या ऑगस्टमध्ये ओरेगनमधील व्हेनेटा येथे, एका दुग्धशाळेला आर्थिक मदत व्हावी म्हणून भर उन्हात झालेल्या कार्यक्रमात, ते अर्ध्या तासाच्या पुढे गेले. गाण्यांची यादीही रोज निराळी. तेव्हा एक कार्यक्रम ऐकला म्हणजे फक्त तो एकच कार्यक्रम ऐकला, उद्याचा ऐकायचा राहिलाच, म्हणून वाद्यवृंदाच्या मागोमाग उद्याच्या गावी जाणे भाग आहे, असा या गृहस्थाचा युक्तिवाद असतो. तर्कशास्त्राच्या दृष्टीने त्यात खोट काढता येत नाही, आणि घरच्यांची खरी अडचण हीच आहे.

ग्रेटफुल डेडने तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम केले, आणि हा गृहस्थ त्यांना गावाने किंवा गाण्याने ओळखत नाही, तारखेने ओळखतो. ८ मे १९७७ ही तारीख सामान्य माणसालाही ऐकून ठाऊक असते. त्या रात्री, मे महिना असूनही बर्फ पडत असताना, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये जो कार्यक्रम झाला, त्याचे बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनितज्ज्ञ बाईंनी केलेले मुद्रण इतके स्वच्छ उतरले की अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या २०११च्या यादीत त्याचा समावेश केला. एखादा नवखा सहकारी मोठ्या तयारीने या तारखेचे कौतुक करतो, तेव्हा गृहस्थ डोळे मिटून मान डोलावतो, क्षणभर थांबतो आणि म्हणतो, “आठची चांगलीच आहे. पण नऊची ऐकलीत का?” ९ मे रोजी वाद्यवृंद बफेलोला होता. सहकारी चिकाटीचा असेल आणि पुढच्या सोमवारी नऊची ऐकून आला, तर त्याला सातची, म्हणजे बॉस्टनची, ऐकलीत का असे विचारले जाते. सातचीही ऐकून झाल्यावर १९७२चा युरोप दौरा पुढे येतो, आणि त्याच्या अलीकडेपलीकडे मिळून अजून हजारो रात्री शिल्लक राहतात. ऐकलेल्या रात्रीपेक्षा न ऐकलेली रात्र नेहमीच सरस ठरते, असा हा नियम असून त्याला अपवाद आढळलेला नाही.

हा नियम पुढे संगीताच्या कक्षेत राहत नाही. घरी केलेले सूप उत्तम झाले आहे असे पाहुण्यांनी म्हटल्यावर मंगळवारचे सूप प्यायला हवे होते, असे तो त्यांना सांगतो. हिमवर्षाव, रहदारीची कोंडी, कचेरीतील निरोपसमारंभ या सर्वांना त्याच्या मनात आदल्या किंवा दुसऱ्या दिवसाची अधिक सरस आवृत्ती असते. थोरल्या मुलीचा जन्म दौऱ्यातील दोन मुक्कामांच्या मधल्या मोकळ्या दिवशी झाला, आणि दिवस निवडण्यात तिने दाखवलेल्या समंजसपणाचे तो आजही चारचौघांत कौतुक करतो. न झालेल्या कार्यक्रमाची तारीखदेखील त्याला पाठ असते: २ जुलै १९९५ रोजी इंडियाना राज्यातील डियर क्रीक येथे बिनतिकिटांचा जमाव कुंपण पाडून आत घुसला, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द करावा लागला, आणि तो ३ जुलैचा कार्यक्रम झाला असता तर फार मोठा झाला असता, याविषयी त्याला शंका नाही.

या तारखा टिकल्या त्या ध्वनिफितींमुळे. श्रोत्यांनी कार्यक्रम मुद्रित करण्यास इतर वाद्यवृंदांचा सक्त विरोध असताना डेडने त्याकडे काणाडोळा केला आणि १९८४च्या ऑक्टोबरात बर्कली येथे ध्वनियंत्रणेच्या मागची जागाच फीतवाल्यांसाठी, म्हणजे स्वतःची मुद्रणयंत्रे घेऊन येणाऱ्या श्रोत्यांसाठी, राखून ठेवली. या राखीव जागेतील आचारधर्म अभ्यासण्यासारखा आहे. उंच काठ्यांना बांधलेल्या मायक्रोफोनांखाली गृहस्थ उभा असतो. हजार मैल गाडी चालवून तो येथे आलेला असतो. त्याचे आवडते गाणे सुरू होते, सारे सभागृह ओरडते, आणि तो मात्र टाळी वाजवत नाही, गुणगुणत नाही, शेजाऱ्याने शिंक दिली तर त्याच्याकडे खुनशी नजरेने पाहतो, कारण फितीवर आपण उमटता कामा नये. हा आनंद तो नंतर, घरी, कानाला यंत्र लावून उपभोगतो. आणि तेव्हाही एका बाईचे खोकणे ऐकू आले की बाई कोण, रांग कोणती आणि तिने सरबत कितीला घेतले होते, हे सांगून मोकळा होतो.

दुसऱ्याने रचलेले गाणे आपल्या पद्धतीने सादर करणे, ज्याला ‘कव्हर’ म्हणतात, त्याचेही या परंपरेत मोठे प्रस्थ आहे. डेडने सर्वाधिक वेळा, म्हणजे सहाशेहून अधिक वेळा, गायिलेले ‘मी अँड माय अंकल’ हे गाणे मुळात त्यांचे नव्हेच, जॉन फिलिप्स यांचे. १९८३मध्ये व्हरमाँट येथे सुरू झालेल्या फिश या वाद्यवृंदाने तर १९९४पासून हॅलोविनच्या रात्री, इतर लोक भुताखेतांचे वेष घालतात त्या हिशेबाने, दुसऱ्या कोणाचा संपूर्ण अल्बम अंगावर चढवण्याचा प्रघात पाडला. पहिला मान बीटल्सच्या ‘व्हाइट अल्बम’ला मिळाला. १९९८ साली लास व्हेगासमध्ये असा सोहळा आटोपल्यावर पुष्कळसे अनुयायी थकून आपापल्या गावी परतले, आणि दोनच दिवसांनी, २ नोव्हेंबरला, यूटामधील एका अर्धवट भरलेल्या सभागृहात फिशने कोणतीही पूर्वसूचना न देता पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला. त्या दिवशी कचेरीत वेळेवर हजर असणे, ही या गृहस्थाच्या आयुष्यातील एकमेव कबूल केलेली चूक आहे. “दुसऱ्या दिवशीची ऐकलीत का” असे जगाला विचारीत फिरणाऱ्या माणसाने स्वतः दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली नाही, यातील काव्यगत न्याय तेवढा त्याच्या पत्नीच्या ध्यानात आलेला आहे.

नकलेची पुढची पायरी शिकागोत १९९७मध्ये निघालेल्या डार्क स्टार ऑर्केस्ट्राने गाठली. हा वाद्यवृंद डेडच्या एखाद्या जुन्या तारखेचा कार्यक्रम, गाण्यांचा तोच क्रम आणि त्या काळची तीच वाद्यरचना ठेवून, नव्याने सादर करतो. कोणती तारीख निवडली हे बहुधा शेवटीच जाहीर केले जाते. या गृहस्थाच्या स्वभावाला याहून अनुकूल करमणूक मानवजातीने शोधलेली नाही. पहिला सूर लागण्यापूर्वीच, कुंडली मांडणाऱ्या ज्योतिषाच्या गांभीर्याने, तो रंगमंचावरील ग्रह पाहून घेतो: ढोलांचा एकच संच दिसतो, त्या अर्थी डेडचा दुसरा ढोलवादक मिकी हार्ट बाहेर होता त्या १९७१ ते १९७४च्या काळातली रात्र, शिवाय गायिकेसाठी मायक्रोफोन आहे, त्या अर्थी १९७२ किंवा त्यानंतरची, मग पहिल्या तीन गाण्यांत महिना आणि मध्यंतरापर्यंत गाव. शेजारच्यांनी कार्यक्रम ऐकलेला असतो, याने तो सोडवलेला असतो. उत्तर एका दिवसाने चुकले तर वाद्यवृंदाकडील नोंदी तपासून पाहायला हव्यात, असे तो म्हणतो.

मराठी सहकाऱ्याला या गृहस्थापासून एक खास उपद्रव संभवतो. मिकी हार्ट १९६७च्या सुमारास तबलावादक उस्ताद अल्लारखाँच्या संपर्कात आला, तालाचे हिशेब त्याच्या डोक्यात शिरले, आणि डेडच्या वादनात ‘द इलेव्हन’सारखी अकरा मात्रांची रचना रुळली, पुढे मुंबईत जन्मलेल्या झाकिर हुसेन यांच्यासह त्याने १९७६मध्ये ‘दिगा र्‍हिदम बँड’चा आणि १९९१मध्ये ‘प्लॅनेट ड्रम’चा अल्बम काढला. हा इतिहास खरा आणि अभिमानास्पद आहे. परंतु त्यावरून मुंबईहून आलेल्या प्रत्येक संगणक अभियंत्याला अकरा मात्रांचा खंड कसा पाडतात हे ठाऊक असणार, असा निष्कर्ष काढून जेवणाच्या सुट्टीत टेबल बडवून दाखवण्याची विनंती करणे शास्त्राला धरून नाही. अभियंता बिचारा ‘शोले’च्या पलीकडे गेलेला नसतो, तरी तो काहीतरी बडवतो, आणि गृहस्थ ते तारीख घालून वहीत टिपून घेतो.

प्रेम, बंधुभाव आणि विश्वकुटुंब यांच्या गोष्टी करणाऱ्या या पंथात उच्चनीचता नाही असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९८७ साली ‘टच ऑफ ग्रे’ हे डेडचे एकच गाणे लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दहांत शिरले आणि त्यामुळे जे नवे श्रोते आले, त्यांना जुन्यांनी ‘टचहेड’ असे तुच्छतादर्शक नाव ठेवले; आपण स्वतः १९८७च्या एक वर्ष आधी आलो, ही गोष्ट काहींनी आजतागायत जानव्यासारखी नव्हे, तर त्याहून ठळकपणे मिरवली आहे. वाहनतळावर भरणारा ‘शेकडाउन स्ट्रीट’ नावाचा बाजार, जेथे चीज सँडविचपासून रंगीत बंड्यांपर्यंत सारे मिळे आणि जेथे एक बोट वर करून फुकट तिकिटाचा ‘चमत्कार’ मागत लोक फिरत, त्याची आठवण काढून आजच्या महाग तिकिटांना नावे ठेवणारा हा गृहस्थ २०२४मध्ये लास व्हेगासच्या ‘स्फिअर’ या अवाढव्य चित्रघुमटात, डेडच्या उरलेल्या मंडळींपैकी काहींचा कार्यक्रम ऐकायला, गादीच्या खुर्चीत बसला होता. सलग दोन रात्री. दुसरी अधिक चांगली झाली.

तथापि एक गोष्ट त्याच्या खात्यावर जमा करावीच लागते. ९ ऑगस्ट १९९५ रोजी डेडचा गिटारवादक जेरी गार्सिया वारला. त्याच्या महिनाभर आधी, ९ जुलैला, शिकागोच्या सोल्जर फील्डवर डेडचा अखेरचा कार्यक्रम झाला होता, आणि त्या तारखेला मात्र ‘दुसऱ्या दिवशीची’ नव्हती. जमा करायची ती गोष्ट म्हणजे तोवर या गृहस्थाने वर्षानुवर्षे चालवलेला फितींच्या देवाणघेवाणीचा अजब व्यवहार. फिती विकायच्या नाहीत, हा त्यातला पहिला आणि न मोडता येणारा नियम. नवख्याने कोऱ्या कॅसेटी आणि परतीच्या टपालाची तिकिटे पाठवायची; याने रात्री जागून, एकेक कॅसेट पंचेचाळीस मिनिटांनी उलटवून, त्या भरायच्या, गाण्यांची यादी बारीक अक्षरात लिहायची, आणि तोंडही न पाहिलेल्या माणसाला परत धाडायच्या. ज्याच्याकडे बदल्यात देण्यासारखे काही नाही त्यालाच आधी द्यायचे, हे या तिरसट, वादखोर, सुपाचीही तुलना करणाऱ्या मंडळींनी कोणी न सांगता पाळले.

१९८३पासून डेडचे कार्यालय टपालाने तिकिटे विकत असे, आणि आपल्या अर्जाकडे लक्ष जावे म्हणून लोक पाकिटांवर गुलाब, कवट्या आणि नाचणारी अस्वले रंगवून पाठवत. वाद्यवृंदाने २००८मध्ये आपला दस्तऐवज-संग्रह सँटा क्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाला दिला, त्यात अशी पाकिटेही गेली. आपले पाकीट त्यांत आहे काय, हे पाहण्यात या गृहस्थाने एक आख्खी कौटुंबिक रजा घालवली. त्याचे मिळाले नाही. मिळाले ते दुसऱ्याच कोणाचे, त्याच मुक्कामासाठी पाठवलेले, अस्वल त्याच्या अस्वलापेक्षा बरे जमलेले. त्याने ग्रंथपालांना रीतसर पत्र लिहून विचारले की या माणसाला शेवटी तिकीट मिळाले होते काय; मिळाले नसल्यास त्या रात्रीची फीत आपल्यापाशी आहे, कृपया आपले पत्र त्याच्यापर्यंत पोहोचवावे, कोरी कॅसेट नको, टपालखर्चही नको, आणि सोबत दुसऱ्या दिवशीचीही पाठवीत आहोत, कारण ती अधिक चांगली आहे.